दोरी बांधायची नाही

शनिवारी दुपारी बाबा बुटक्या स्टुलावर बसून दाराच्या मुठीला अडकवलेली दोरी ओढून धरत होते. स्टूल म्हणजे नाव, दार म्हणजे शीड. खिडकीतून वारा आला की दार दोरीला हिसका देत होतं.

"झोत आला की सोडायची, नाहीतर नाव उलटते," ते मुलीला म्हणाले. "शिडाची दोरी कायम हातात. बांधायची नाही, काही झालं तरी. एवढंच शास्त्र."

दोरी त्यांच्या बोटांतून सर्रकन गेली. दार धाडकन आदळलं.

"सोडलीत, का सुटली?"

"सोडली."

सहा महिने त्यांनी बटणांचा शर्ट घातला नव्हता. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचे. वजनमापं खात्यात उभी हयात लोकांच्या तराजूतली राईएवढी खोट पकडलेला माणूस, आणि स्वतःच्या उजव्या हाताबद्दल बिनदिक्कत थापा मारत होता.

तेवढ्यात कप्तान आले. निवृत्तीनंतर बाबांनी आणि त्यांनी मिळून एक जुनी शिडाची नाव घेतली होती. कप्तानांनी जन्मात ऑफिसच्या टेबलापेक्षा मोठं काही हाकलं नव्हतं, पण तलावावर त्यांना सगळे कप्तानच म्हणत. नावेत जागा एकाच माणसाची. एक रविवार यांचा, एक त्यांचा.

"उद्या वारा झकास आहे रे. तुझी पाळी आणि तुझंच नशीब," कप्तान म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "आणि तू गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का करून बसलीस? हा गडी एकोणचाळीस वर्षं जमिनीवर कुणामुळे होता, विसरलीस?"

"ही झाली आणि नाव विकली," बाबा म्हणाले.

पाहुण्यांपुढे, तिच्या शाळेतल्या बाईंपुढे, तिच्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हाही, हे वाक्य याच ठेक्यात आलं होतं, आणि त्याच्यामागे हशा. तीही नेहमीसारखी हसली. 'उद्या जाऊ नका' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण जिच्यापायी एकदा नाव गेली, तिने पुन्हा कोणत्या तोंडाने अडवायचं? ती कप विसळायला उठली.

रविवारी सव्वादहाला नाव उलटली. शिडाची आडवी दांडी बाबांच्या डोक्यात बसली होती.

बुधवारी ती तलावावर गेली. वाटेत मावशीचा फोन आला. "आवडीचं करता करता गेले गं. असं मरण भाग्याचं." तिने पुढचं ऐकलं नाही. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

शेडबाहेर नाव कुशीवर पडली होती. कप्तान नावेशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी बोटाने दाखवलं. शिडाची दोरी कडेच्या खुंटीला दोन वेढे देऊन घट्ट बांधलेली होती. वर गाठ.

"शिडाची दोरी बांधतं का कोणी?" ते तिच्यावरच खेकसले. "नवशिक्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. मला यानेच शिकवलं! तिकडे कट्ट्यावर हसतायत लोक. म्हातारा पोरकट चुकीने गेला म्हणतात."

"त्यांची बोटं मिटत नव्हती."

कप्तानांनी झटकन मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"सहा महिने."

ती गुडघ्यांवर बसली आणि गाठ सोडवू लागली. भिजून वाळलेली दोरी लाकडासारखी झाली होती. दातांनी ओढून बांधली असावी. एका टोकाचे धागे चावल्यासारखे विसकटले होते.

"मग अडवायचंस ना!" कप्तानांचा आवाज फाटला. "मी कोण? माझं त्याने कधी ऐकलंय? तुझं ऐकलं असतं. तू नुसतं म्हणायचा अवकाश होता. तुझ्यासाठी तर त्याने एकदा नाव विकली होती!"

तिचं नख मुळापासून तुटलं. तिने हात झटकला आणि उभी राहिली. कप्तानांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती पाण्याकडे तोंड करून बोलली, पण आवाज एवढा चढला की पलीकडे नाव रंगवणाऱ्याचा ब्रश हवेतच थांबला.

"मी विका म्हणाले नव्हते! बाबा, मी बावीस दिवसांची होते!"