खांद्यावरचं माणूस

अग्निशमन केंद्राच्या मनोऱ्यात सकाळचा सराव चालला होता. ज्ञानदेव खोत सहकारी रेश्माला खांद्यावर घेऊन जिना उतरत होते. त्यांचा गुडघा महिनाभर दुखत होता, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आगीच्या गाडीवरून काढून टेबलाच्या कामाला बसवतील, ही धास्ती होती.

वळणावर गुडघा लचकला. खोतांनी कठडा धरून तोल सावरला.

"काका, खाली ठेवा मला," रेश्मा हळूच म्हणाली.

"गप ऱ्हा. खाली साहेब उभे आहेत."

"मी निदान बोलू तरी शकते, काका. आगीतलं बेशुद्ध माणूस काय बोलणार?"

खोत थांबले. त्यांनी तिला अलगद खाली ठेवलं आणि कठड्यावरून स्वतःच हाक दिली, "साहेब, माझा गुडघा दुखतोय. लपवून ठेवलं होतं."

"डॉक्टरांना दाखवा," खालून उत्तर आलं. "बरा झाला की गाडी तुमचीच आहे."

रेश्मा त्यांच्यापुढे वाकली. "चला."

"अगं, जड आहे मी."

"म्हणूनच तर सराव करतो ना आपण?"

खोतांनी आजवर कितीतरी माणसं अशी उतरवली होती. आज पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर अंग सैल सोडलं.