नवी खिडकी

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ती नवीनच लागली होती. सरावासाठी लॅपटॉपवर भरलेल्या खोट्या पेशंटांच्या नोंदी पुसायच्या, एवढंच काम. पण स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाईप करून एंटर दाबलं की लॅपटॉपचं एकच पालुपद, 'कमांड नॉट फाउंड'. शेवटी तिने विभागातल्या काकांना फोन लावला.

"अगं, घाबरतेस काय? नोंदी पुसायचं टूल लॅपटॉपवर आलंय, पण ते कुठे ठेवलंय हे त्या जुन्या खिडकीला माहीत नाही. ती बंद कर आणि नवी उघड."

तिने काळी खिडकी बंद केली. त्या खिडकीमागे तशीच एक काळी खिडकी उघडी दिसली. मनातल्या मनात देवाचं नाव घेत तिने तिच्यातच कमांड टाकली. या वेळी कसली कुरकुर नाही. एका झटक्यात सगळ्या नोंदी साफ.

"काका, चालली." तिचा जीव भांड्यात पडला.

"बघ, उगाच घाबरत होतीस. बरं, सकाळी वॉर्डातल्या खऱ्या पेशंटांच्या यादीत नाव दुरुस्त करायला आपण याच लॅपटॉपवर जी खिडकी उघडली होती, ती तेव्हाच बंद केलीस ना?"