वाया गेलेली नळकांडी

“झटकून दमाल, पण आतल्या जाळीतली पावडर निघायची नाही,” प्रिंटरवाले काका म्हणाले होते. मी हसले, “काका, तुम्हाला सगळीकडे पावडरच दिसते!”

थ्रीडी प्रिंटरवर धातूची पावडर लेझरने वितळवून आम्ही प्रयोगशाळेसाठी ऊर्ध्वपातनाची, आतून जाळीदार नळकांडी छापतो. त्यातली दोन बोटभर नळकांडी वाया गेली. हलवली की छान वाजायची, म्हणून एक माझ्या लेकीचा खुळखुळा झाला. आज तिच्या ओठांवर राखाडी पावडर दिसली. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत.”

दुसरं मीच हौसेनं कामावरच्या मैत्रिणीला दिलं. ती बाळाला घेऊन माहेरी गेलीय, फोन लागत नाही. तुमच्या शेजारी कुणाची लेक तान्हं घेऊन आली असेल, तर आत्ता डोकावून या. बाळ काय चोखतंय, तेवढं बघा.