अधिष्ठान

घंटा व्हायला अजून अवकाश होता, आणि शेजारी बसलेल्या लेकीचा, सेनुलीचा, श्वास मध्येच अडखळला.

निरंजलाला तो ऐकू आला. तिने डोळे उघडले नाहीत. अधिष्ठानाला बसलं की घंटेपर्यंत हलायचं नाही. खाज येवो, कळ येवो, नुसतं पाहायचं. पर्थच्या विहारात भंतेंनी शिकवलेलं. फोनमधल्या सवयींच्या अ‍ॅपने त्याला रोजची साखळी जोडून दिली होती. मध्येच उठलं की साखळी तुटते.

"बरंय, बुद्धाला चार्जर शोधावा लागला नाही," नवरा, थिलिना, चिडवायचा. "पण पोरीला कशाला बसवतेस गं? पाच वर्षांची आहे ती."

"स्वतःहून बसते. शाळेतल्या बाईसुद्धा म्हणाल्या, किती शांत झालीय."

मागच्या व्हरांड्यात ऊन चढत होतं. निरंजलाला एकदम आठवलं, सेनुलीची बसायची उशी रात्रभर बाहेर कुंड्यांपाशी राहिली होती. सकाळी झटकायची राहूनच गेली. तिने शिकवल्याप्रमाणे मनात नोंद केली : चिंता. येते, जाते.

सेनुली बारीकसं कण्हली. नोंद : आवाज.

मग व्हरांड्याच्या फळीवर काहीतरी टपकलं. थेंबासारखं. पुन्हा टपकलं.

निरंजलाने डोळे उघडले.

सेनुली मांडी घालून ताठ बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे. हनुवटीवरून घाम गळत होता. उघड्या मांडीवर, फ्रॉकच्या कडेला, काळी कोळीण होती. पाठीवर विषारी जातीचा लाल पट्टा.

निरंजलाने ती हातानेच उडवली. पोरीला छातीशी उचललं. मांडी लाल होऊन टरटरून सुजली होती.

"थिलिना! गाडी काढ! कोळीण चावलीय हिला, लाल पाठीची!"

आत खुर्ची आपटली, किल्ल्या वाजल्या. अनवाणीच गाडीकडे धावताना ती पोरीला गदागदा हलवत होती.

"अगं, चावली तेव्हा ओरडायचं नाही का? मी शेजारीच होते ना! हाक का नाही मारलीस?"

सेनुलीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्यात. जे घडलं तेवढंच ती सांगत होती.

"काल तू बसली होतीस आणि मी पायरीवरून पडले ना, तेव्हा खूप मारल्या हाका, अम्मा."