डावी बाजू वर

शिहोच्या छोट्याशा भयपटात संवाद नव्हते, रक्तही नव्हतं. ओसाड शाळेच्या व्यायामशाळेत एका मेलेल्या बाईनं नाचायचं, एवढंच. नाचणाऱ्या किनुए आजी अंगभर पांढरा रंग फासून उभ्या राहिल्या आणि शिहोनं त्यांना किमोनो नेसवताना डावी बाजू उजवीवर घेतली. “अगंबाई, ही जिवंत माणसांची रीत!” आजी हसल्या. “मेलेल्यांची उजवी वर. दिग्दर्शकबाईंना एवढंही ठाऊक नाही?” शिहोला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात अंत्यविधीच्या माणसांना बाहेर थांबवून आईच्या पार्थिवाला तिनंच किमोनो नेसवला होता, अगदी असाच, डावी बाजू वर घेऊन. वर फुलं रचली, शवपेटीचं झाकण लागलं, कुणालाच कळलं नाही. मग दहनभट्टीचं दार मिटलं. “बदल ना, रंग तडकतोय.” “राहू दे तसंच.” “मग ही बाई मेलेली कशी? नाचते तरी कशाला?” शिहोनं कमरपट्टा आवळला. “नाचत नाही, आजी. उठायला बघतेय.”