सुनावणी

समता आणि मानवी हक्क सल्लागार समितीची जाहीर सुनावणी होती. सभागृह खचाखच भरलेलं. एक तरुणी माइकसमोर उभी राहिली आणि मनात साठलेलं सगळं बोलून गेली.

"सगळे मला मुलगा समजायचे. मी मुलगी आहे, हे घरी सांगितलं, तर वडिलांनी माझे कपडे दाराबाहेर फेकले आणि आतून कडी लावली. आई गेली तेव्हा तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला."

 अध्यक्षबाईंनी आशेने शेजारी बसलेल्या सरांकडे, समितीचे सदस्य असलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे पाहिलं. सर समतेवर बोलायला लागले की एरवी टाळ्या थांबत नसत. आज मात्र ते मान खाली घालून बसले होते. त्यांनाही भरून आलं असावं, असं बाईंना वाटलं.

"पोरी, तुझ्या वडिलांना आम्ही इथे बोलावून घेतो," बाई म्हणाल्या. "तुझं म्हणणं त्यांना ऐकावंच लागेल."

तिने ओढणीने डोळे पुसले.



"बोलवायला नको, ताई. तुमच्या शेजारीच बसलेत ते. आज पहिल्यांदाच त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं."