संत्र्याची साल

"ताई, संत्रं मात्र इथे सोलू नका हं," रसायनशास्त्र शिकवणारी धाकटी जाऊ म्हणाली. "पाण्यानं थर्माकोलला काही होत नाही, पण सालीतलं तेल त्याच्या जवळच्या जातीचं, ते त्याला विरघळवतं."

तिनं केलेलं थर्माकोलचं घर सासूबाई येईल-जाईल त्याला कौतुकानं दाखवत होत्या. थोरलीचा नुसता जळफळाट चालला होता. दुपारी तिनं त्या घरावर साल पिळली. छपराला भोकं पडली.

"कुणी केलं हे?" सासूबाई कडाडल्या.

थोरलीनं संत्र्याचा वास येणारे हात पाठीमागे लपवले. धाकटीनं ते पाहिलं.

"माझ्याच हातून झालं, आई."

सासूबाई निवळल्या आणि थोरलीकडे वळल्या. "शीक जरा हिच्याकडून! चूक झाली की अशी कबूल करावी."